म्हशीचा कान

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी लाकडी साचे केले.
पंपाचे, फ्लायव्हीलचे, उसाच्या चरकाच्या दातऱ्यांचे.
लोखंड थंड होताना आखडतं,
म्हणून साचा मापापेक्षा जरा थोर ठेवायचा,
एवढं एक शिकलो आणि बाकीचं आयुष्य
त्यावरच रेटलं.

मग मशीन आलं. पडद्यावर साचा फिरतो,
भुसा पडत नाही, कुणाचा अंगठा जात नाही.
मालक म्हणाले, सुतार, या आता.
आलो.

आता सागवानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतनं
जनावरं काढतो.
खाली खोकं, खोक्यात दांडा, दांड्यावर लाकडी चकत्या.
त्यातली एकही गोल नाही,
गोल चकतीवर कुणी हसत नाही.
चढ लांब ठेवायचा, वर थोडी सपाटी,
तिथं बघणाऱ्याचा श्वास अडकतो,
मग एकदम कडा.

गाढव आहे, चार पायांत चार कोल्हापुरी.
फिरवलं की तीन कर्र वाजतात, चौथी वाजत नाही,
गाढव वाकून तिच्याकडं बघतं.
मांजर आहे, रश्श्याच्या पातेल्यावर बसलेलं,
जीभ भाजली की शेपूट ताठ.
बोकड पेपर खातो,
‘वधू पाहिजे’च्या पानापाशी थांबतो, विचार करतो,
मग तेही खातो.
डोळे मालन रंगवते.
मी रंगवले तर सगळी जनावरं
फोरमनसारखी बघतात.

रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर,
भेळेच्या गाड्यांच्या पलीकडं, आमची चादर.
‘केवढ्याला?’
‘नऊशे.’
‘चायनाचं दीडशेला मिळतंय की, वर लाईट लागतीय.’
पोरं फुकट फिरवून जातात.
मी गप बसतो. चकत्यांना तेल लागतं,
त्यांना हात लागतात.

एकदा गंगावेशीतले हिंदुराव आले.
कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देणारा माणूस,
सदऱ्याला अजून दुधाचा वास.
माझी म्हस उचलली त्यांनी.
तीन फेरे ती गप्प, रवंथ करते,
चौथ्याला लाथ.
बादली पालथी, गडी उताणा.
सगळे हसले. हिंदुराव हसले नाहीत.
परत फिरवली. परत.
‘खोटं हाय,’ म्हणाले.
‘म्हस अशी सांगितल्याबिगर मारत न्हाई.
आधी कान मागं घेती. जरासाच.
ज्याला दिसला, त्यो वाचला.’

त्या एका कानात माझा आठवडा गेला.
सायकलची तार, ब्रेकची जुनी स्प्रिंग,
चप्पललाईनीतनं आणलेला कातड्याचा चिटोरा.
जास्त हलला तर माशी हाकलल्यागत,
कमी हलला तर नुसतं लाकूड.
शनिवारी रात्री दोनला साचा आठवला.
गर्दीत, कंदिलाच्या उजेडात, हलणंही आखडतं.
हवा त्यापेक्षा जरा थोर केला,
आणि झोपलो.

रविवारी हिंदुरावांनी दांडा धरला.
एक. दोन. तीन.
कान मागं गेला,
आणि रंकाळ्याच्या काठावर, भर लोकांत,
हिंदुरावांनी स्वतःचा पाय
चपलेसकट मागं घेतला.
लाथ बसायच्या आधीच माणसं हसली,
त्यांतलं एक पोर तर बसलंच खाली.

‘घ्या की,’ मी म्हणालो, ‘तुम्हाला सातशे.’
‘घरात चौदा हायत,’ ते म्हणाले,
‘त्यातली एक तुम्हीच न्या.’

त्या संध्याकाळी दोन म्हशी गेल्या,
गाढवाचा दांडा निसटला,
आणि दिवे लागताना इचलकरंजीचा एक पाहुणा
बोकड उलटा धरून, त्याच्या पोटात बघत म्हणाला,
‘ह्यात हाय काय, चार लाकडं. दोनशेला देताय?’

मी काहीच बोललो नाही.
मालननं ब्रश खाली ठेवला,
‘दादा,’ म्हणाली, ‘जरा मागं सरका.
ह्यांच्या कानाकडं बघा.’